दुखणं सांगावं की सोसावं?

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला एक उंच फळी आहे. सासूबाईंच्या काळापासून तिच्यावर पितळी डबे ओळीने मांडलेले असायचे. आता ती फळी रिकामी आहे. आल्यागेल्या बायका विचारायच्या, "डबे कुठे गेले हो?" मी सांगायची, "खाली काढून ठेवले, पुसायला सोपं पडतं." हे खोटं होतं. महिला मंडळात सत्य अणुव्रतावर बोलणाऱ्या बाईने आठ वर्षं नीट सांभाळलेलं खोटं. खरं एवढंच होतं, की माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बळेच नेला तर त्या रात्री झोप नाही.

हे खोटं मी का बोलत होते, याचा विचार करता करता जे हाती लागलं ते मैत्रिणींनो, तुमच्यापुढे ठेवते आहे. पटलं तर घ्या.

माझं माहेर सोलापूरचं. सासरची माणसं मूळची कारंजाकडची, दोन पिढ्यांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेली. शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला म्हणून या भागाला लष्कर नाव पडलं. त्यामुळे महाराज बाड्याच्या आसपास अजूनही मराठी कानावर पडते. मंदिरात मात्र सगळा समाज हिंदी बोलणारा. घरात मराठी, मंदिरात हिंदी, असं माझं आयुष्य चाललं आहे.

नऊ वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात, मंदिराच्या ओल्या पायऱ्यांवरून उतरताना माझा पाय घसरला. हातात पूजेचं ताट होतं. ते सोडून कठडा धरायचा, एवढं सुचलं नाही. ताट वाचवायच्या नादात उजवा हात पसरून त्याच्यावरच पडले. तांदूळ सगळ्या पायऱ्यांवर पसरले आणि खांदा निखळला. खांद्याची गोलाई गेली, तिथे एक चौकोनी कोपरा दिसायला लागला. दवाखान्यात इंजेक्शन देऊन त्यांनी हात ओढला, एकदा 'खट्' झालं, आणि सांधा बसला. फोटो काढला. हाड जागेवर आलं होतं. तीन आठवडे हात गळ्यात बांधला, मग सोडला. "झालं, आता बऱ्या झालात," असं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं.

दुखणाईतांची एक गंमत असते. हात गळ्यात असतो तोवर दूधवाल्यापासून सगळे चौकशी करतात. पट्टी निघाली, की लोकांच्या लेखी दुखणंही संपलं. माझं संपलं नाही. अंबाडा घालता येईना. ब्लाउजचं मागचं हूक लागेना. पंचांग नमस्कारात हातावर भार दिला की डोळ्यांपुढे काजवे. उजव्या कुशीवर वळले की जाग. घरात विचारलं तर "थोडा दुखतो अधूनमधून" म्हणून वेळ मारून न्यायची.

का? भीड म्हणावी, तर मी भिडस्त नाही. कारण वेगळं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सासूबाई शेवटची काही वर्षं पाठीच्या दुखण्याने बेजार होत्या. त्यासुद्धा न्हाणीघरात पडल्या होत्या. रात्री कूस बदलताना त्या कण्हायच्या. "अरिहंता… अगं आई गं…" आमची खोली शेजारीच. तेव्हा आमच्या स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय चालला होता. त्यात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात: नकोसं ते भेटलं म्हणून झुरणं, हवंसं ते गेलं म्हणून झुरणं, वेदनेचं सतत चिंतन, आणि पुढच्या भोगाची आस. मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना समजावून सांगितलं, "आई, वेदनेचं चिंतन हेसुद्धा आर्तध्यान. कण्हल्याने नवं कर्म बांधलं जातं. असाता वेदनीय उदयाला आलंय, ते शांतपणे भोगून टाका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या रात्रीपासून त्यांचं कण्हणं थांबलं. मी मंडळात अभिमानाने सांगितलं, "आमच्या सासूबाईंनी समता धरली हो." दोन वर्षांनी त्या गेल्या.

त्यांच्या उशाखाली एक जुना पंचा असायचा. त्याचं एक टोक नेहमी चुरगळलेलं आणि ओलं. म्हातारपणची लाळ असेल, असं समजून मी तो दर दोन दिवसांनी धुऊन टाकायची.

खांदा निखळल्यावर तिसऱ्या महिन्यात एका रात्री मी झोपेत उजवीकडे वळले आणि तोंडून निघालं, "अगं आई गं!" शेजारी हे झोपले होते. ऐकू जाऊ नये म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला. दातांखाली ते ओलं कापड आलं आणि मला सासूबाईंचा पंचा आठवला. मग उजाडेपर्यंत झोप नाही, आणि ती खांद्यामुळे नव्हे.

आता कुठल्या तोंडाने सांगणार होते, की मला दुखतं? त्या माउलीला जे मी ऐकवलं, ते मला कुणी ऐकवलं असतं तर? आणि ऐकवलंही. एकदा मंदिरात हात चोळताना एक ओळखीची बाई सहज म्हणाली, "पूर्वकर्म आहे, बहनजी." शब्द माझेच होते, ते फक्त फिरून माझ्याकडे आले.

आठ वर्षं अशीच काढली. मग गेल्या चातुर्मासात एक आर्यिका माताजी आमच्या घरी आहाराला आल्या. त्यांच्या ओंजळीत मी पाणी घालत होते. लोटा भरलेला होता, हात लांब धरायचा होता. खांद्यातून एक कळ आली आणि लोटा निसटून फरशीवर पडला. देणाऱ्याच्या हातून भांडं पडणं हा आहाराच्या बत्तीस अंतरायांपैकी एक. माताजींनी ओंजळ सोडली. नुकते दोन घास झाले होते. भर उकाड्याचे दिवस, आणि आता दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही. त्या शांतपणे उठून गेल्या. मी तिथेच भिंतीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त मागायला गेले. त्यांनी एकच विचारलं, "हात कधीपासून दुखतोय?"

"आठ वर्षं झाली, माताजी."

"घरी माहीत आहे?"

"नीटसं नाही."

"मग अंतराय काल नाही झाला. तो आठ वर्षं चाललाय." जरा थांबून म्हणाल्या, "आम्ही मागत नाही, कारण आम्ही घर सोडलंय, व्रत घेतलंय. तुम्ही कुठलं व्रत घेतलंय?"

आज संध्याकाळच्या आत घरी सगळं सांगायचं आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं, हेच त्यांनी प्रायश्चित्त दिलं. उपवास दिला असता तर सोपा गेला असता.

घरी आले आणि पुन्हा ग्रंथ काढून बसले. या वेळी दुसऱ्याला शिकवायला नाही, स्वतःसाठी. बावीस परीषहांत रोग हा परीषह आहे, तशीच याचनाही आहे. मुनी आजारी पडला तरी औषध मागत नाही. म्हणून तर श्रावकाच्या चार दानांत आहार, शास्त्र आणि अभय यांच्या जोडीला औषध ठेवलं आहे. ज्याला मागता येत नाही, त्याच्याकडे आपण लक्ष द्यायचं, अशी ही सगळी व्यवस्था. अंतरंग तपांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, आहे. आणि ज्यांची सेवा करायची त्या दहा जणांत 'ग्लान' म्हणजे आजारी साधू मुद्दाम वेगळा सांगितला आहे. सेवा करणं जर तप असेल, तर सेवा करून घेणं लाजिरवाणं कसं? आपल्या घरांतल्या बाया मात्र दीक्षा न घेताच याचना परीषह पाळत असतात. त्यांच्याकडे लक्ष द्यायला श्रावक कुणी नसतो.

मग सहावा अध्याय. असाता वेदनीय कर्म कशाने बांधलं जातं, हे तिथे सांगितलं आहे: दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध आणि विलाप. त्यातलं 'आक्रंदन' मला चांगलं पाठ होतं, तेच तर मी सासूबाईंना ऐकवलं होतं. पण त्याच सूत्रात पुढे आणखी आहे. ही दुःखं स्वतःला द्या, दुसऱ्याला द्या किंवा दोघांना, बंध सारखाच. दुसऱ्याला दिलेलं दुःखही त्यात आलं. म्हणजे रात्री कण्हणाऱ्या म्हातारीला गप्प करणारी सूनही आली. आणि स्वतःच्या खांद्याला आठ वर्षं औषधावाचून ठेवणारी बाईही आली.

या सूत्रावर पूज्यपाद आचार्यांच्या सर्वार्थसिद्धीत एक शंका घेतली आहे. दुःख देण्याने पाप लागत असेल, तर उपवास आणि केशलोच यांचं काय? उत्तरात वैद्याचा दाखला आहे. करुणेने भरलेला वैद्य मुनीचं गळू चिरतो. वेदना तर होते, पण वैद्याला पाप लागत नाही, कारण त्याच्या मनात क्रोध नाही, दुःख द्यायचा हेतू नाही. हे मी पूर्वी कितीदा वाचलं असेल. पण मुनीच्या अंगाला गळू होतं आणि ते वैद्याकडून चिरून घेण्यात मुनीच्या समतेला बाध येत नाही, ही साधी गोष्ट कधी डोळ्यांत भरली नव्हती.

डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. साध्या फोटोत हाड दिसतं, हाडाला धरून ठेवणारे स्नायूबंध दिसत नाहीत. खांद्याची खोबण फार उथळ असते. वाटीत गोळा बसावा तसा तो बसत नाही, बशीवर लिंबू ठेवावं तसा असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतो तो खांदाच. त्याला जागेवर धरतात ते आजूबाजूचे स्नायू. चाळिशीनंतर खांदा निखळला, की त्यांच्या दोऱ्या तुटण्याचा संभव जास्त. माझी एक तुटली होती आणि तिचा स्नायू इतक्या वर्षांत सुकून गेला होता. "पहिल्या काही महिन्यांत आला असतात तर शिवता आली असती," डॉक्टर म्हणाले. आता व्यायाम करायचा. थोडं दुखणं कायम राहील.

सोसण्याची किंमत काय, तर ही. मी सोसलं म्हणून कर्म किती झडलं ते केवली जाणे. स्नायू किती झडला ते मात्र मला दिसलं.

आपल्याकडे हे शास्त्र नवं नाही. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार दिले आहेत. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून तो वर उचलावा आणि जागेवर बसला की स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधावी, असं तिथे सांगितलं आहे. मुसळ! आपल्या घरातलं मुसळ. आणि रोज चौरंगावर तांदळाचा काढतो तो स्वस्तिक, आपल्या सुपार्श्वनाथांचं लांछन. तुटलेला खांदा सावरायला आपल्या पूर्वजांनी ही दोन काढली. कुणी रुग्णाला म्हटलं नाही, की कर्म आहे, तसाच राहू दे.

मग कर्म म्हणजे काय काहीच नाही? असं मी मुळीच म्हणत नाही. माझी श्रद्धा आहे. वेदनीय कर्माला मध लावलेल्या तलवारीच्या धारेची उपमा देतात. चाटली तर गोड, आणि जीभही कापते. रात्री तीन वाजता जाग येते आणि कुणावर तरी राग काढावासा वाटतो: त्या ओल्या पायऱ्यांवर, पट्टी सोडून मोकळ्या झालेल्या दवाखान्यावर, शांत घोरणाऱ्या ह्यांच्यावर. तेव्हा "हे माझं आहे, कुणावर ढकलण्यासारखं नाही" असं मनाशी म्हटलं की राग निवतो. तेवढ्यासाठी कर्मसिद्धांत मला हवा आहे. पण 'माझं कर्म' म्हणणं आणि 'तुझं कर्म' म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याला सनत्कुमार चक्रवर्तीची कथा फार आवडते. मुनी झाल्यावर देहाला रोग जडले, देव वैद्य बनून आले, तरी त्याने औषध घेतलं नाही. पण ते त्याने स्वतःपुरतं ठरवलं होतं. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला त्याने हे सांगितलं नव्हतं.

आता आर्तध्यानाचं. इथे मला सावधपणे बोललं पाहिजे, कारण आचार्यांनी दिलेला इशारा खोटा नाही. दुखण्याची माळ ओढत बसणारी माणसं आपण पाहतो. भेटलं की गुडघ्यापासून सुरुवात आणि डोक्यावर समाप्ती. त्यांचं दुखणं खरं असतं, पण हळूहळू त्या माणसात दुखण्याखेरीज काही उरत नाही. तो धोका मलाही आहे. पण माझा अनुभव असा, की दुखण्याचं सर्वांत जास्त चिंतन मी केलं ते लपवलं त्या आठ वर्षांत. कुठल्या बाजूला बसू म्हणजे डाव्या हाताने वाढता येईल, ताट कुणाच्या हाती देऊ, वरचं सामान काढायची वेळ येण्याआधी कशी उठू, हा हिशेब दिवसभर चाले. तोंडाने एक अक्षर नाही, आणि मनात दुसरं काही नाही. आर्तध्यान हे ध्यान आहे. ते मनात होतं, तोंडात नव्हे. सासूबाईंचं कण्हणं म्हणजे कूस बदलतानाचा श्वास होता. आर्तध्यान मी त्यांना त्यानंतर दिलं, पंचा चावायला लावून.

घरी सांगितल्यावर काय झालं? हे क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मला वाटायचं, तू मुद्दाम पाठ करून झोपतेस." आठ वर्षं हा माणूस काय समजून बसला होता! सुनेने काही न बोलता कपडे वाळत घालायची दोरी हातभर खाली बांधली. एवढंच. आभाळ कोसळलं नाही.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जगभरातल्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत दोन गोष्टी नोंदवल्या. माणूस दुखतं म्हणाला तर त्या म्हणण्याचा मान राखावा. आणि त्याला बोलून सांगता आलं नाही, तरी त्याला वेदना नाही असं धरू नये. वाचताना वाटलं, हे तर अहिंसेचंच बोलणं आहे. फोटोत दिसत नाही म्हणून दुखत नाही, असं म्हणणं हाही एक लहानसा घातच.

यंदा थंडीत सुनेला घेऊन गोपाचलावर गेले. उरवाईच्या बाजूने किल्ल्यावर चढताना रस्त्याच्या कडेला कड्यातच कोरलेले उत्तुंग जिनबिंब उभे आहेत. पंधराव्या शतकात तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या काळात ते घडले. पुढे बाबर ग्वाल्हेरला आला आणि त्याने ते फोडायचा हुकूम दिला. आपल्या आठवणींत त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलं आहे. कुणाचं तोंड गेलं, कुणाचा हात. काही मुखं मागाहून समाजाने चुन्यात घडवून बसवली. सांधा अजून ओळखू येतो. देवघरात आपण खंडित मूर्ती ठेवत नाही. पण इथे येणारं प्रत्येक माणूस नमोस्तु म्हणून वाकतं.

मी बघत राहिले ते खांदे. कायोत्सर्गात हात नुसते सोडलेले असतात, अंगालाही न टेकलेले. फिजिओथेरपिस्टने मला शिकवलेला पहिला व्यायाम हाच होता: पुढे वाकायचं, हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलू द्यायचा. "काकू, हात धरून ठेवू नका, सोडा," ती मुलगी रोज सांगायची. मला ते जमतच नव्हतं. दुखेल या धाकाने मी आठ वर्षं खांदा आवळून धरला होता. कायोत्सर्ग म्हणजे देहाची ममता सोडणं, हे मी इतरांना किती वेळा समजावलं असेल. ममता सोडणं म्हणजे देहाची हेळसांड करणं नव्हे, हे मला त्या मुलीकडून कळलं.

खांदा अजून दुखतो. पावसाळ्यात जास्त. हात आता कानापर्यंत जातो, फळीपर्यंत नाही, आणि जाईल असं वाटत नाही. क्षमावणीच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागून झाली, की मी सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहते. ज्यांची खरी मागायची होती, त्या ऐकायला नाहीत. म्हणून ज्या आहेत त्यांना विचारते. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई मनगट चोळताना दिसली, तर पूर्वी मी पाहून न पाहिल्यासारखं करायची. आता विचारते, "किती दिवस दुखतंय?" आणि ती सांगते ते सगळं ऐकून घेते, मध्ये काही न शिकवता.

परवा मंडळातल्या एक वयस्क बाई घरी आल्या होत्या. रिकाम्या फळीकडे पाहून त्यांनी तेच विचारलं, "डबे कुठे गेले?"

मी म्हटलं, "माझा हात तिथवर पोचत नाही."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "माझी कंबर. अकरा वर्षं झाली. घरी अजून कुणाला माहीत नाही."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.